जळगावचा जय

माझ्या नोकरीला धड नाव नव्हतं. मंडळाच्या कागदावर मी ‘पगारी चिटणीस’ होतो, पण सासुरवाडीला कोणी विचारलं, “जावईबापू, तुम्ही करता तरी काय?” की मी सरळ सांगून टाकायचो, “अध्यक्ष तयार करतो.” लोक हसायचे. पूर्वी शाळेत शिकवायचो म्हणून सगळे मला मास्तर म्हणत; त्यांना वाटायचं, मास्तर थट्टा करतोय. थट्टा नव्हती. जळगाव आणि धुळे अशा दोन गावांच्या सेवा मंडळांचे अध्यक्ष मी वर्षानुवर्षं माझ्या हाताने घडवले, आणि घडवताना माझे अर्धे केस गेले.

मंडळ म्हणजे काय, ते आधी सांगतो. गावातले वकील, डॉक्टर, कापसाचे व्यापारी, सरकी काढणारे जिनवाले अशी बरी मंडळी एकत्र येऊन उन्हाळ्यात पाणपोया चालवत, साथ आली की घरोघर औषध वाटत, वाचनालय सांभाळत. अध्यक्ष फक्त एका वर्षाचा. वर्ष सुरू व्हायचं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आमच्या खानदेशात हा दिवाळीइतका मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, आणि पुरुषमंडळी दुपारनंतर पत्ते कुटायला बसतात. सत्कारसमारंभ आखाजीला सकाळी ठेवण्यात एक मोठी सोय होती. कितीही लांबण लावणारा पाहुणा असला तरी सगळ्यांचे हात पत्त्यांसाठी शिवशिवत असल्यामुळे सभा वेळेवर संपायची.

नवे अध्यक्ष ठरले की चैत्रात मी त्यांच्या घरी जाऊ लागे. माणूस आपल्या धंद्यात वाघ असला तरी अध्यक्षाच्या खुर्चीत त्याचं मांजर होतं, हे मी फार पाहिलं. त्याला शिकवायचं काय? खुर्चीत पाठ टेकून बसायचं. जो कडेवर बसतो तो दर दोन मिनिटांनी बोलायला उठतो. घंटी एकदाच वाजवायची. तीनदा वाजवली की सभेला वाटतं प्रसाद वाटणार आहेत. हार गळ्यातून काढून टेबलावर ठेवायचा, खुर्चीच्या पाठीला अडकवायचा नाही. आपली स्तुती चालू असताना टेबलाकडे बघायचं, छताकडे नाही. दोघे सभासद हमरीतुमरीवर आले की गंभीर चेहऱ्याने म्हणायचं, “हा विषय पुढच्या सभेत.” आणि पुढच्या सभेत तो विषय काढायचा नाही.

ऐकायला सोपं वाटतं ना? जळगावचे एक वकील अध्यक्ष झाले. पाहुण्या कीर्तनकारबुवांनी भाषणात म्हटलं, “मी काल रात्री इथे आलो.” वकीलसाहेब सवयीने ताडकन उठले आणि विचारते झाले, “काल रात्री नक्की किती वाजता? बरोबर कोण होतं?” बुवा पार गांगरले. त्यानंतर वकीलसाहेब अध्यक्ष असताना मी त्यांच्या शेजारी बसून धोतराचा सोगा धरून ठेवत असे. धुळ्याचे एक शेठ पेढीवर बैठकीवर बसणारे. त्यांना खुर्चीत पाय खाली सोडून बसताच येईना. पाय खाली सोडले की म्हणत, “मास्तर, डोकंच चालत नाही हो.” शेवटी मी टेबलाला जमिनीपर्यंत चादर लावली. शेठ वर्षभर मांडी घालून राज्य करून गेले आणि कोणाला पत्ता लागला नाही. असल्या युक्त्यांचा मला अभिमान आहे. तो लपवण्यात काय अर्थ?

पण माझी खरी कसोटी पाहिली ती असोद्याच्या त्र्यंबकभाऊंनी.

भाऊ केळी-कापसाचे मोठे शेतकरी. जळगाव मंडळाचे खेड्यातले पहिले अध्यक्ष. त्यांना मानपानाची हौस अजिबात नव्हती. त्यांनी खुर्ची घेतली ती एका इमारतीसाठी. कचेरीमागे सरकारची एक जुनी इमारत कुलूप लावून पडली होती. तिथे आसपासच्या खेड्यांतल्या बायांसाठी बाळंतपणाचा दवाखाना काढावा, असं मंडळाने ठरवलं होतं. दोन वर्षांपूर्वी भाऊंची थोरली सून अडली. बैलगाडीत घालून जळगावला आणेपर्यंत वाटेतच गेली, आणि मूलही गेलं. आता धाकट्या लेकीला दिवस गेले होते आणि पोळ्याच्या सुमारास ती बाळंत होणार होती. भाऊ एवढंच म्हणत, “मास्तर, गाडी पुन्हा त्या रस्त्यानं न्यायची हिंमत नही माह्यात. दवाखाना पाह्यजे.”

कलेक्टरसाहेब इमारत द्यायला राजी झाले होते. आखाजीच्या सभेला ते स्वतः येणार आणि नव्या अध्यक्षांच्या हातात किल्ली ठेवणार, असं ठरलं. साहेब इंग्रज, पण मराठीची परीक्षा पास झालेले आणि त्याचा त्यांना फार दिमाख. मराठी बोलत ते पुस्तकातलं, एकेक शब्द धुऊन वाळवून ठेवल्यासारखं. तेव्हा चळवळीचे दिवस होते. चौकाचौकात परदेशी कपड्यांच्या होळ्या पेटत, आणि साहेब लोक वरून हसत असले तरी आतून दचकलेले असत. आमच्या पाणपोईच्या सभेलाही पोलीस बसायचा.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या खानदेशात खेड्यातल्या जिभेला ‘ळ’ मानवत नाही. ती त्याचा ‘य’ करते. केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया, धुळं म्हणजे धुयं आणि जळगाव म्हणजे जयगाव. मी स्वतः भडगावचा. गिरणेच्या काठावर मीही ‘डोया’च म्हणत वाढलो. ट्रेनिंग कॉलेजात गुरुजींनी दोन वर्षं माझी जीभ टाळूला लावून घेतली तेव्हा कुठे ळ आला. तेव्हापासून मी त्याला जिवापाड जपत होतो, नव्या जोड्यासारखा.

मंडळाच्या निवडीच्या सभेत भाऊ उठून म्हणाले, “सेवा मंडयाचे मले उपकार मानाचे हायेत.” ‘मंडय’ म्हणताच पुढच्या रांगेतले दोघेतिघे फस्सकन हसले. भाऊंनी पाहिलं. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मी असोद्याला गेलो तेव्हा त्यांनी पहिलंच सांगितलं, “खुर्चीत बसाचं राहू द्या. मले ळ शिकवा. साहेब हसले तं किल्ली खिशात घालून जातील.”

“साहेब कशाला हसतील भाऊ?”

“जयगावचेच हसले, तं साहेबाचं काय सांगता!”

मग आमची शाळा सुरू झाली. आणि अडचण अशी, की मंडळाच्या रिवाजाप्रमाणे सभेच्या शेवटी अध्यक्षाने उभं राहून तीन वेळा जय म्हणायचा: मंडळाचा, पाहुण्यांचा आणि गावाचा. सभा शेवटचे दोन शब्द परत म्हणते. म्हणजे भाऊंना ‘सेवा मंडळाचा जय असो’ आणि ‘जळगावचा जय असो’ हे दोन डोंगर चढायचे होते. ‘जळगावचा जय’ एकदा मोठ्याने म्हणून बघा. तुम्हाला काही वाटणार नाही. ज्याची जीभ जन्मभर दोन्हींना ‘जय’ म्हणत आली, त्याला विचारा.

भाऊ मेहनती माणूस. केळीच्या बागेत पाणी सोडताना ळ, बैल जुंपताना ळ. वहिनी, म्हणजे भाऊंच्या बायको, मला म्हणाल्या, “मास्तर, हे तं जेवतानाबी जीभ वर करून बसतात. बाया इचारतात, भाऊले बाधा झाली का?” पंधरा दिवसांत ळ आला. असा खणखणीत आला की मी टाळी वाजवली. पण आला तो एकटा आला नाही, सगळ्या घराचा ताबा घेऊन आला. भाऊ म्हणू लागले, “बसा मास्तर, चहाची सोळ केली हाये.” मला आधी कळेना. मग म्हणाले, “साहेबांनी आमच्यावर मोठी दळा केली.” दया! जिथे साधा य होता, तिथेही ते आता ळ लावून शहरी करत होते.

मी हसून हसून बेजार झालो. मग एक तोड काढली. सभेत मी पुढे बसायचं. ळ हवा तिथे मी टोपीला हात लावायचा, य हवा तिथे गुडघ्याला. भाऊंनी माझ्याकडे बघत बोलायचं. आठ दिवस आम्ही दोघं असोद्याच्या ओट्यावर टोपी-गुडघा, टोपी-गुडघा करत बसलो. टोपी, जळगावचा. गुडघा, जय. बिनचूक जमू लागलं.

आखाजीची सकाळ उजाडली. मंडप गच्च भरला होता. असोद्याहून बैलगाड्या भरून माणसं आली होती, बायासुद्धा. माहेरवाशीण लेक वहिनींच्या शेजारी पदर सावरून बसली होती. मंडपाच्या खांबाजवळ नेहमीचे हवालदार उभे. हे पिंपळनेरकडचे, पिकल्या मिशांचे गृहस्थ. आमच्या प्रत्येक सभेला तेच यायचे, चहा दोनदा मागायचे आणि मला एकट्याला गाठून अहिराणीत म्हणायचे, “मास्तर, कितीबी शुद्ध बोला, तुम्ही बी आमनाच शेतस.” म्हणजे, तुम्हीही आमचेच. मी कानाआड करायचो. त्या सकाळी त्यांनी हळूच विचारलं होतं, “दवाखाना खरंच व्हई का मास्तर?” मी म्हटलं, “देवाची इच्छा.”

सगळं छान चाललं होतं. भाऊ पाठ टेकून बसले, घंटी एकदाच वाजवली, स्तुतीच्या वेळी टेबलाकडे बघितलं. टेबलावर रुमालावर किल्ली ठेवलेली. साहेबांनी भाषण केलं. भाऊ शेवटच्या जयासाठी उभे राहिले. मी टोपी सारखी केली आणि तयार झालो.

आणि तेवढ्यात कलेक्टरांच्या मडमसाहेब उशिरा आल्या. स्वयंसेवकांनी धावपळ करून त्यांना खुर्ची दिली ती नेमकी माझ्या पुढ्यात. त्यांच्या डोक्यावर टोपी होती. टोपी कसली, रोवळीच पालथी घातलेली, वर पिसं. मी डावीकडे झुकलो, पिसं डावीकडे. उजवीकडे झुकलो, पिसं उजवीकडे. भाऊंची नजर मला शोधते आहे हे मला पिसांतून दिसत होतं. मी टोपीवर हात नेला, गुडघा बडवला, सगळं केलं. शेजारच्या डॉक्टरांनी हळूच विचारलं, “मुंग्या चावताहेत का?”

भाऊंनी छाती भरून घेतली. “सेवा मंडळाचा,” असा ळ, की माझी छाती फुलली. आणि त्याच झोकात पुढे, “जळ असो!”

असोदेकरांना वाटलं, भाऊ शहरातून नवा शब्द शिकून आले. सगळा मंडप दणाणला, “जळ असो!”

“कलेक्टरसाहेबांचा जळ असो!”

“जळ असो!”

बायका सगळ्यांत मोठ्याने ओरडल्या.

मंडप शांत झाला तेव्हा साहेबांचा हात टेबलावरच्या किल्लीवर होता. त्यांनी ती उचलली आणि मुठीत धरली. चेहरा लाल. अगदी थंड आवाजात ते म्हणाले, “अध्यक्षमहाराज, आपण मला जळण्यास का सांगितले?”

भाऊंना अजून कळलंच नव्हतं काय झालं ते. ते फक्त त्या मुठीकडे बघत होते. मी खुर्च्या ओलांडून पुढे धावलो. “साहेब, अध्यक्ष जय म्हणाले. जय म्हणजे विजय.”

“मी जय आणि जळ यांतला भेद जाणतो,” साहेब म्हणाले. “मी परीक्षा दिली आहे. आणि तुम्ही मंडळाचे नोकर आहात, तुम्ही असेच म्हणाल.” मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खांबाजवळच्या हवालदारांकडे बोट केलं. “तू सरकारचा माणूस. तू जवळ उभा होतास. अध्यक्ष काय म्हणाले? खरे सांग.”

हवालदार टाचा जुळवून पुढे आले. खोटं बोला असं त्यांना सांगायची सोय नव्हती, आणि खरं बोलले तर किल्ली गेली, दवाखाना गेला. भाऊंना वर पोलीस कचेरीत जाबजबाब द्यावे लागतील ते वेगळंच. मागे वहिनींनी लेकीचा हात घट्ट धरला होता. भाऊंची नजर त्या दोघींवर जाऊन परत मुठीवर आली.

“जय असो बोलना, साहेब,” हवालदार म्हणाले.

“जय? जळ नाही?”

“हा साहेब, तेच. जय.”

“जळ! अग्नीत जे जळते, ते?”

“हा ना साहेब. आगमां जयस तो बी जय,” हवालदारांचा चेहरा सरकारी शिक्क्यासारखा कोरा, “आन देवना जय तो बी जय. आमना मुलूखमां बठ्ठं जयच शे, साहेब.”

बठ्ठं म्हणजे सगळं, एवढं साहेबांना कळलं. “या गावाचे नाव काय?”

“जयगाव, साहेब.”

“आणि शेजारच्या शहराचे?”

“धुयं, साहेब.”

साहेबांच्या कपाळावरची आठी आधी गोंधळली, मग सैल झाली. ते माझ्याकडे वळले. “चिटणीस, हे असे सर्वजण बोलतात काय?”

आणि मी, ज्याने आपला ळ जिवापाड जपला, भर सभेत माझ्या आईच्या बोलीत म्हणालो, “हा साहेब, बठ्ठा. मी बी.”

मंडपात कोणीतरी खुदकन हसलं. मग साहेब हसले. एवढे हसले की मडमसाहेबांची पिसं हलू लागली. “म्हणजे मी दोन वर्षे जयगावात राहतो, आणि मराठी शिकविणाऱ्या माझ्या मुनशीने मला सांगितले नाही!” असं म्हणत त्यांनी मूठ उघडली आणि किल्ली भाऊंच्या हातात ठेवली. “आपल्या स्त्रियांसाठी. अध्यक्षमहाराज, तिसरा जय राहिला.”

मला सांगायला लाज नाही, माझे डोळे भरून आले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. भाऊंनी किल्ली कपाळाला लावली. आता पिसं मध्ये नव्हती, मी समोरच होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टोपीला हात लावला नाही, गुडघ्यालाही नाही. भाऊ जन्मभर बोलत आले तसे बोलले.

“जयगावचा जय असो!”

असा जय त्या मंडपाने पुन्हा कधी ऐकला नाही. साहेबसुद्धा ओरडले. त्यांचा ‘जयगाव’ तर आमच्यापेक्षा शुद्ध होता.

पोळ्याच्या आधी दवाखान्याचं दार उघडलं. पहिली बाळंतीण भाऊंचीच लेक. मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. भाऊ आत-बाहेर करत होते, त्यांना काही सुचत नव्हतं. मग सुईण बाहेर आली, काहीतरी बोलली, आणि भाऊ माझ्याकडे धावत आले. या उंच, दांडग्या माणसाने माझे दोन्ही खांदे धरले.

“मास्तर! बाय बी ठीक, माय बी ठीक!”

बाय म्हणजे बाळ. त्यांना दुरुस्त करायचं माझ्या मनातही आलं नाही.

भाऊ वर्षभर छान अध्यक्ष राहिले. पुढल्या अध्यक्षांना मी घंटी शिकवली, हार शिकवला, गप्प बसणं शिकवलं. ळ मात्र कोणाला शिकवला नाही. काही सभासदांनी नाकं मुरडली, “मास्तर आता ढिले झाले.” झालो असेन. मला फार बरं वाटायचं.

एक गोष्ट मात्र मनात राहून गेली होती. हवालदार त्या सभेनंतर कुणालाही न भेटता निघून गेले, आणि पुढे काही महिने त्यांची नेमणूक दुसरीकडे होती. मला वाटे, बिचाऱ्याने इमानाने ‘जळ’च सांगितला असणार. त्याची जीभ वळली नाही आणि आमचं नशीब उघडलं. त्याला चहा तरी पाजायला हवा होता.

पुढच्या चैत्रात धुळ्याच्या नव्या अध्यक्षांना तयार करून मी परत निघालो होतो. धुळे स्टेशनात तिकिटाच्या खिडकीपाशी गर्दी. माझ्या पुढे दोन माणसं सोडून एक धोतर-टोपीतले म्हातारेसे गृहस्थ, खांद्यावर पिशवी. मिशा ओळखीच्या वाटल्या. हवालदारच ते, रजा संपवून पिंपळनेरहून परत येत होते. मी हाक मारणार, तोच त्यांचा नंबर आला. खिडकीतल्या बाबूने त्रासून विचारलं, “कुठलं?”

“एक जळगाव द्या,” हवालदार म्हणाले.

मी जागच्या जागी थिजलो. काय ळ होता! जीभ टाळूला टेकून अलगद सुटलेला. ट्रेनिंग कॉलेजातल्या माझ्या गुरुजींनी पाठ थोपटावी असा.

तिकीट घेऊन ते वळले. मला पाहिलं. त्यांनी तिकीट कोपरीच्या खिशात घातलं, मिशीवरून एक बोट फिरवलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“चला मास्तर,” ते म्हणाले, “जयगावले ना?”